उजवीकडची सीट

रविवार, १४ जून १९७०

आली एकदाची! दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. आपल्याकडच्या गाड्यांसारखा भसाडा नव्हे, पातळ, जरा लाजल्यासारखा. स्वयंपाकाची दगडाबाई पिठाच्या हातांनीच पळाली. "आक्का, आला वो भीमादादा! मोटार घिऊन आलाय!"

एवढीशी गाडी. दुधाच्या सायीसारखा रंग, दोनच दारं. भीमा आतून बाहेर आला तो घडी उलगडावी तसा. एवढा उंच मुलगा, गुडघे पोटाशी घेऊन मुंबईहून सोलापूरपर्यंत चालवत आला! कुवेतहून तो मागच्या महिन्यातच आला, गाडी मागून बोटीने.

हे सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. गाडी दिसताच उठून आत गेले. आनंद झाला की ह्यांचं असंच. मग कोट घालून बाहेर आले, गाडीला एक फेरी मारली, टायरला बुटाचं टोक लावून पाहिलं.

"चाक डाव्या हाताला कसं?"

"आप्पा, कुवेतमध्ये सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. म्हणून."

"आन् हितं?"

"हितं सवय करायची की."

मागे चकचकीत अक्षरांत नाव आहे, कोरोला. मला हसूच आलं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट बॉटनीच्या तासाला जास्वंदी चिरून दाखवायच्या. पाकळ्यांचा सगळा घेर मिळून कोरोला! मला शिवबाई म्हणता यायचं नाही त्यांना. "शीबा, डोंट टेअर द कोरोला." भीमाला सांगितलं तर म्हणाला, "अव्वा, चार वर्षं ह्या गाड्या उघडतोय-मिटतोय. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

रात्री जेवताना कळलं — परदेशातून कायमचा परत येणाऱ्यालाच अशी गाडी बरोबर आणता येते. तसं त्याने सरकारला लिहून दिलंय. कायमचा! मला अन्न गोड लागलं.


१६ जून

आज मला फिरवून आणलं. पुढच्या सीटवर, उजवीकडे. म्हणजे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे मी! समोर चाक नाही, काही नाही, नुसती काच. सात रस्त्यावर लोक थांबून बघतात. बाई हात मांडीवर ठेवून मोटार चालवतेय!

फाटकातून बाहेर पडताच गाडी सरळ रस्त्याच्या उजव्या कडेला. समोरून टांगा. टांगेवाला ओरडला, "क्या मियाँ, विलायतसे आए क्या? अपनी बाजू पकडो ना!" भीमाने झटकन डावीकडे घेतली. मला म्हणाला, "हात विसरत नाहीत गं. चाक डावीकडे लागलं की अंगाला वाटतं आपण तिथंच आहोत."

खूप हसलो दोघं.


२ सप्टेंबर

गेला.

जपानात ह्या गाडीची नवी आवृत्ती निघाली आहे. कुवेतच्या एजन्सीत तिच्या ऑर्डरी धडाधड येतायत, माणसं कमी पडतायत. साहेबाची तार आली. "वर्षभर फक्त, अव्वा."

हे म्हणाले, "कायमचा आलो म्हणून सही केलास नव्हं?"

"आप्पा, ती गाडीसाठी."

गाडी शेडमध्ये आहे. कागदावर माझा मुलगाही इथेच आहे.


१० जानेवारी १९७१

हे चालवायला शिकले! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. दुधनीच्या आडत दुकानाला आता रेल्वेने जायचं नाही म्हणतात. आणि मला बरोबर यायला सांगितलं. मला! लग्नाला बत्तीस वर्षं झाली, दुकानाची पायरी दाखवली नव्हती.

कारण वाटेत कळलं. पुढे बैलगाडी असली की ह्यांना डावीकडून पलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याला दिसतं. म्हणून मी. अक्कलकोट रस्त्याला पहिली बैलगाडी लागली तसे मान न वळवता कानडीत म्हणाले, "होगली?" — जाऊ का? मी वाकून पाहिलं. रस्ता मोकळा. "होग्री," मी म्हणाले. जा! आणि हे गेले! माझ्या शब्दावर! पुढे एस.टी. येताना दिसली तेव्हा मी म्हणाले, "निंद्री." थांबा. तर थांबले.

बत्तीस वर्षांत मी ह्यांना थांबा म्हणाले नव्हते.


१९ मार्च

भीमाचा फोटो आला. नवीन कोरोलाला टेकून उभा. आमची गाडी गोबऱ्या गालांची, ही जरा लांब, अंग चोरलेली. चौदा वर्षांची पोर एकदम सोळाची होते तशी. आमच्या गाडीचं इंजिन अकराशे, हिचं बाराशे, असं फोटोच्या मागे लिहिलंय. स्वतः कसा आहे ते लिहिलेलं नाही. वाळलाय.


८ डिसेंबर १९७२

दुधनीहून परत. लिहू नये असं वाटतं, पण मग कुठे ठेवू?

अक्कलकोटच्या पुढे मैलभर दुष्काळी काम. बायका रस्त्याच्या दोन्ही कडांना खडी फोडत बसलेल्या. डोक्यावर पदर, पदरावर पांढरी धूळ, केसांवर धूळ, मांडीवरच्या मुलांवर धूळ. आमची गाडी आली तसे हातोडे थांबले. काच वर होती तरी मला त्यांचे डोळे लागले. मी आपली उजवीकडे, पुढे, राणीसारखी.

पुढे मिलोची, अमेरिकेतल्या तांबड्या ज्वारीची, पोती भरलेला ट्रक. धुळीत काही दिसेना. "होगली?" हे म्हणाले. मला त्या डोळ्यांपासून निघून जायची घाई झाली होती. मी म्हणाले, "होग्री."

एस.टी. होती समोर. ह्यांनी गाडी कशी आत घेतली, देव जाणे. एक चाक कडेच्या खडीवर चढलं. एक बाई मूल उचलून मागे पळाली. कुणाला लागलं नाही.

मी म्हणाले, "मला दिसलं नव्हतं हो." तर म्हणतात, "दिसंना तर दिसंना म्हनायचं. दिसंपर्यंत मी थांबतो की."

रागावले असते तर बरं झालं असतं.


१० डिसेंबर

दगडाबाईचा भाऊ माळशिरसहून आला. जनावरं छावणीत सोडून आलाय. दोन भाकरी खाल्ल्या आणि ताटाकडे बघत बसला. दगडाबाई मला म्हणाली, "आक्का, त्याला मोटारीत बसवू नगा बरं का. उतरायचा न्हाय परत." हसवायला म्हणाली. कुणी हसलं नाही.


३ फेब्रुवारी १९७४

पेट्रोल इतकं महागलं की हे परत रेल्वेने जायला लागले. गाडी शेडमध्ये. सोमवारी फक्त सुरू करून ठेवायची, इंजिन आखडू नये म्हणून.

भीमाचं पत्र. ज्या तेलाने आमची गाडी उभी केली, त्याच तेलाने त्याची दुकानदारी वाढवली आहे! जगभरात लोक मोठ्या गाड्या टाकून लहान गाड्या मागतायत. त्याला फोरमन केलं. एप्रिलमध्ये कोरोलाची तिसरी पिढी येणार, तोवर रजा नाही.

पहिल्या पिढीत आला, दुसरीत गेला. तिसरी आली की येईल का?


२२ डिसेंबर १९७४

आला! लग्नासाठी. मुलगी विजापूरची, गिरिजा. बी.ए. झालेली, धीट. पाहायला गेलो तेव्हा तिनेच भीमाला विचारलं, "परत केव्हा येणार, ते ठरलंय का?" माझ्या मनातला प्रश्न पोरीने चहा देता देता विचारला! भीमा म्हणाला, "पाचेक वर्षं." तिने मान हलवली. मी मनातल्या मनात तिला कुंकू लावून टाकलं.

ह्यांच्यासाठी क्लचची प्लेट आणलीय. नव्या मॉडेलची. बसली नाही! भीमा अर्धा दिवस गाडीखाली पडून होता. "सगळं मोठं केलंय, आप्पा. नाव तेवढं तेच ठेवलंय." हे म्हणाले, "तसंच असतंय. तुझा अंगरखा मला व्हत न्हाय, माझा तुला व्हत न्हाय. आडनाव तेवढं दोघांचं एकच की." शेवटी जुनीच प्लेट घासून बसवली.

नव्या गाडीचं चित्रांचं पुस्तकही आणलंय. रुंद, खाली बसलेली, मागे ऐसपैस. लहान मूल मागच्या सीटवर आडवं झोपू शकतं, असं भीमा म्हणाला आणि लाल झाला.


२९ डिसेंबर

आज सकाळी थोडक्यात वाचलो.

भल्या पहाटे सिद्धेश्वराच्या दर्शनाला मी आणि भीमा गाडीने निघालो. होटगी रोडला एक माणूस नाही. मी थंडीने शाल घट्ट ओढून डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले तर झाडं भलत्याच बाजूला! गाडी उजवीकडून, चांगली जोरात. आणि समोर दोन दिवे.

"डावीकडे! भीमा!"

वळवली. ट्रक बाजूने निघून गेला, आईबहिणीवरून शिवी हवेत ठेवून.

त्याने गाडी कडेला घेतली. म्हणाला, "रहदारी असली की होत नाही, अव्वा. दुसऱ्यांच्या मागनं जातो. रस्ता रिकामा असला की मी तिकडं असतो." मग म्हणाला, "तू बोलत राहा. तुझा आवाज आला की मी इथं असतो."

देवळापर्यंत आणि परत, मी बोलत राहिले. सिस्टर बर्नाडेटच्या गोष्टी, फादरांच्या बुटक्या ऑस्टिनमध्ये आम्ही सहा मुली कोंबून बसायचो ती गोष्ट, त्याच्या लहानपणीची गोवराची गोष्ट. त्याला सगळ्या पाठ आहेत. हूं हूं करत होता.

ह्यांना सांगितलं नाही.


१४ फेब्रुवारी १९७५

दोघं गेली. गिरिजा वाकून नमस्कार करताना कानात म्हणाली, "मी आणते त्यांना परत. बघा तुम्ही."


९ ऑगस्ट १९७५

परदेशी वस्तूंवर छापे पडतायत म्हणतात. पेठेत एकाचा टेपरेकॉर्डर नेला. ह्यांनी गाडीवर ताडपत्री घातली आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. आपल्या गाडीचे कागद आहेत, मी म्हटलं. हे म्हणाले, "कागद हायत. कागदात ल्हिलंय मुलगा घरात हाय. कुटं हाय म्हनून इचारलं तर?"

संध्याकाळी शेडकडे बघवेना. झाकलेलं काही बघवतच नाही मला.


५ एप्रिल १९७६

नात झाली! तार आली. शिवलीला नाव ठेवणार. माझ्या नावातला 'शिव' घेऊन! हे दुकानातून पेढे घेऊन आले, स्वतः दोनच खाल्ले. आधी चार खायचे. भूक गेलीय ह्यांची.


२१ नोव्हेंबर १९७६

हे गेले. काल दुपारी, जेवून उठताना.


२३ नोव्हेंबर

लिहिलं तर श्वास येईल असं वाटतं.

आपल्या लिंगायतांत गेलेल्याला बसवतात. भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, गळ्यात माळा. डोळे मिटलेले, मान जराशी खाली. मी उजव्या अंगाला बसले होते. जंगम अय्या मंत्र म्हणत होते, बायका रडत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं — आता मान न वळवता विचारतील. होगली?

उचलायच्या वेळी मी मनात म्हणाले, होग्री.

मोठ्यांदा म्हणायला हवं होतं का?

भीमाला तार पोचली, पण यायला मिळालं नाही. शेतात माती दिली तेव्हा मुलाच्या जागी पुतण्या उभा होता.


६ डिसेंबर

भीमा आला. दारातून सरळ शेडमध्ये गेला. ताडपत्री काढली, डावीकडे, ह्यांच्या जागेवर बसला आणि चाकावर डोकं ठेवून रडला. मी उजवीकडून जाऊन बसले. काचेतून समोर नुसती शेडची भिंत.


१५ डिसेंबर

जाण्याआधी म्हणाला, "अव्वा, तू चल माझ्याबरोबर."

"मी तिथं काय करू?"

"काय करतेस हितं?"

"वाट बघते की," मी म्हणाले. वाईट बोलले. त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "येतो. खरंच येतो. लीला शाळेत जायच्या आत."

दुधनीचं दुकान पुतण्याकडे दिलं.


२ मे १९७७

नातेपुत्याचे मानसिंगराव आले होते. उसाचे बागाईतदार, ह्यांच्या ओळखीचे. चहा झाला, मग शेडकडे बघत म्हणाले, "वहिनी, गाडी देऊन टाका की. उभ्यानं गंजून जाईल. जपानी हाय म्हणून तरी इचारतोय, न्हाय तर दोन दारांची गाडी म्हंजी म्हशीला टोपडं." 

मी नाही म्हटलं. "भीमाची आहे."

"भीमाला आता हिच्यापेक्षा झ्याक गाड्या हायती की वो."

खरं आहे ते. पण ह्या घरात भीमाचं म्हणावं असं तेवढंच राहिलंय. ती गेली तर तो यायचा कशासाठी? — हे त्यांना कसं सांगायचं! मी म्हटलं, "साखर कमी पडली का चहात?"

दगडाबाईने नंतर मला फैलावर घेतलं. "द्यायची की, आक्का! लोखंडाची कसली माया?" मग स्वतःच बाहेर जाऊन गाडीच्या काचा पुसत बसली.


१७ ऑक्टोबर १९७७

लीलाचा फोटो. तिसऱ्या कोरोलाच्या मागच्या सीटवर आडवी झोपलेली, दार धरून भीमा उभा. खरंच जागा आहे! दोन्ही बाजूंना अजून हातभर शिल्लक.


सोमवार, १३ मार्च १९७८

आज गाडी सुरू झाली नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा कुंडलिक आला, दुपारी सुरू केली. तोवर मी जेवायला बसले नाही. वेडी म्हणतील.


सोमवार, ४ सप्टेंबर १९७८

इंजिन सुरू असताना उजवीकडे बसते थोडा वेळ. कुठे जात नाही. एकदा तोंडातून निघून गेलं — निंद्री. कुंडलिकाने चमकून पाहिलं. म्हणाला, "काय म्हनलासा?" मी म्हटलं, "काही नाही. बंद कर आता."


२५ जून १९७९

येतोय!! कायमचा!

पत्र तीनदा वाचलं. नोकरी सोडली. इथेच होटगी रोडला गॅरेज काढणार. गिरिजाने शेवटी दोन ओळी घातल्यात: "सांगितलं होतं ना? लीलाला इथल्याच कॉन्व्हेंटात घालायचं, आजीने अभ्यास घ्यायचा." अगं, घेईन की! बॉटनीसुद्धा!

दिवाळीनंतर तो पुढे येईल, घराला रंग लावून घेईल, गाडीचं बघेल. मग त्या दोघी विमानाने मुंबईला. गिरिजाचा भाऊ त्यांना सोलापूरच्या मेलमध्ये बसवून देईल.

पत्रात चौथ्या कोरोलाशेजारी उभ्या भीमाचा फोटो आहे. सगळ्या गोलाया गेल्या. चौकोनी, कडक, बिस्किटांच्या डब्यासारखी. देवघरापुढे चारी फोटो ओळीने मांडून पाहिले. आमची, मग ती अंग चोरलेली, मग ती ऐसपैस, मग ही. प्रत्येकीशेजारी भीमा. पहिल्या फोटोत केस काळेभोर आणि शर्ट बाहेर आलेला. चौथ्यात चष्मा आहे, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. गाडी तरणी होत गेली आणि माझं पोर —

नको. येतोय ना!


७ नोव्हेंबर १९७९

आला. दारातच मला उचलून गोल फिरवलं! दगडाबाई ओरडली, "अवं ठिवा खाली, मोडंल की म्हातारी!"

मग शेड. हरवलेलं काही तरी पहिल्यासारखं सापडल्यागत त्याने टपावरून हात फिरवला. "एवढीशी होती ही? अव्वा, माझ्या आठवणीत मोठी होती गं." कुंडलिकाला म्हणाला, "चारी पिढ्या उघडून पाहिल्या. पण हिच्यासारखी शहाणी नाही."

संध्याकाळी बाहेर काढली. मी माझ्या जागेवर. फाटकातून सुटली ती परत उजवीकडे! "डावीकडे, बाबा," मी म्हटलं. तो हसून कान धरतो तसं करून म्हणाला, "बोलत राहा."

किती बोलले! ह्यांचे शेवटचे दिवस, मानसिंगराव, म्हशीचं टोपडं. हसता हसता त्याला चष्मा पुसावा लागला.


१२ नोव्हेंबर

घराला पिवळा रंग. लीलाच्या खोलीला गुलाबी. रोज गाडीने हे आण, ते आण. दरवेळी मी बरोबर. दगडाबाई म्हणते, "आक्काला आता घरात चूल न्हाय, संसार न्हाय. समदा मोटारीतच."

इतक्या वर्षांचं उभं राहणं फिटलं गाडीचं. माझंही.


१६ नोव्हेंबर

उद्या सकाळच्या मेलने त्या दोघी येतात. शेंगापोळ्या झाल्या. मऊ कराव्या लागल्या, लीलाच्या दातांना. मला तिने फक्त फोटोत पाहिलंय. मी हिरवं इरकल नेसून स्टेशनवर जाणार आहे. तिला कडेवर घेऊन माझ्या सीटवर बसणार. आणि भीमाला म्हणणार, होगु, जा रे!

झोप येणार नाही आज.


१७ नोव्हेंबर, पहाट

नेसून, केस विंचरून, गाडीत जाऊन बसलेसुद्धा होते. भीमा आला, मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओशाळा झाला. "अव्वा, त्यांच्याबरोबर कुवेतचं सगळं सामान आहे. दोन ट्रंका, वळकटी, लीलाची सायकल. ही काय चौथी पिढी नाही गं. एवढीशी आहे."

बरोबरच आहे की. मी उतरले. म्हटलं, पोळ्या तरी गरम करते.

"हट्टी आजी दारातच उभी आहे म्हणून सांगतो लीलाला," म्हणाला. गेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अंधार आहे अजून थोडा. वाट बघता बघता हे लिहितेय.


२ डिसेंबर

भीमाला ह्यांच्या शेजारी माती दिली. ट्रकवाल्याचा दोष नाही. तो आपल्या बाजूने येत होता.

गिरिजा आणि लीला खूप वेळ स्टेशनवर ट्रंकांवर बसून राहिल्या. मग टांगा करून आल्या. सगळं सामान एका टांग्यात मावलं.

जागा येताना लागणार होती. जाताना गाडी रिकामीच होती. जाताना मी बसून गेले असते, येताना टांग्याने आले असते.